जंबोतला जिना

सेलूत विमान कधी उतरलं नाही. जागेची अडचण नव्हती. केळीच्या बागा सोडल्या तर आमच्याकडची काळी जमीन सपाटच आहे. पण विमानाचं सेलूत काही काम नव्हतं आणि सेलूचं विमानात. दुपारी कधीतरी एखादं फार उंचावरून जाई, मागे पांढरी रेघ सोडत, आणि ती रेघ विरेपर्यंत पानठेल्यावरची मंडळी माना वर करून ते कुठून कुठे चाललं असेल ते ठरवत. ठरवलेलं बहुधा चूक असे. पण ठरे मात्र एकमतानं, आणि एखादी गोष्ट खरी व्हायला आमच्या गावात एकमतापलीकडे फारसं काही लागत नसे.

या एकमताच्या विरुद्ध माझे यजमान आयुष्यात एकदाच गेले. त्याबद्दल मला लिहायचं आहे. मी सावकाश लिहिते. एक वाक्य लिहून झालं की ते त्यांना पटलं असतं का, याचा विचार करत बसते आणि मग अर्धं खोडते.

गाव त्यांना मास्तर म्हणे. लोकांत मीही मास्तरच म्हणायची. ते हायस्कुलात सुतारकाम शिकवत. या विषयात कुणी नापास होत नाही, त्यामुळे तो शिकवणाऱ्याला असावा तेवढा मान त्यांना होता: लोक रस्त्यात नमस्कार करत आणि पुढच्याच वाक्यात पाट करून मागत. मी गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. म्हणजे एक मोठी खोली, चार कपाटं, आणि रोज येणारे आठ-दहा वाचक, जे वर्तमानपत्र वाचून झालं की पुस्तकांकडे पाठ करून घरी जात.

वाचनालयात एक परदेशी मासिक फुकट येई. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. त्याला वाचक एकही नव्हता, पण मागणी फार होती. जून महिन्यात वह्यांना कव्हरं घालायला त्याच्या तोडीचा कागद तालुक्यात मिळत नसे. मी अंक कुलपात ठेवत असे, म्हणून मी खडूस आहे असं गावाचं मत होतं. कुलपातल्या त्या अंकांपैकी एक मी मास्तरांना वाचायला घरी आणला. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. अंकात नव्या जंबो विमानावर लांबलचक लेख होता. मास्तरांचं इंग्रजी शब्दकोशाच्या आधारानं चालणारं, पण चालणारं. महिनाभर ते रोज संध्याकाळी अर्धं पान वाचत.

त्यांना धरून ठेवलं ते एका वाक्यानं. विमान बनवणाऱ्या कंपनीनं ते विमान आधी लाकडाचं करून पाहिलं होतं. खेळण्याएवढं नव्हे, खऱ्या मापाचं. आत खुर्च्या कशा बसतील, माणसं कशी चालतील, हे बघायला.

"लाकडाचं," मास्तर मला म्हणाले. "एवढे मोठे इंजिनिअर, पण सुरुवात सुताराकडून."

मग त्यांना त्या विमानाचं सगळंच आवडायला लागलं. कंपनीनं विमान बांधायला घेतलं तेव्हा ते जिथे बांधायचं तो कारखानाही उभा नव्हता. दोन्ही बरोबरच उभं राहिलं. विमानं तयार झाली तर इंजिनं तयार नव्हती, म्हणून पंखांखाली इंजिनांच्या जागी सिमेंटचे ठोकळे टांगून विमानं ओळीनं उभी करून ठेवली होती. हे ऐकून मला आमच्या नळयोजनेची आठवण झाली. फरक एवढाच की तिकडे पुढे इंजिनं आली.

आणि ते टेंगूळ. जंबोचं चित्र पाहिलेल्या कुणालाही पहिल्यांदा दिसतं ते त्याच्या कपाळावरचं टेंगूळ. त्याचं कारण मास्तरांनी मला तीन वेळा समजावलं. कंपनीचा अंदाज असा होता की थोड्याच वर्षांत लोक आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या विमानांतून फिरतील आणि हे जंबो मालवाहतुकीला लागेल. माल भरायचा तर नाक दारासारखं उघडलं पाहिजे. नाक उघडायचं तर चालकाची खोली तिथून हलवून वर नेली पाहिजे. ती वर नेली म्हणून टेंगूळ आलं, आणि चालकाच्या मागे थोडी जागा उरली. उरलेल्या जागेत श्रीमंतांना बसायला दिवाणखाना केला, आणि दिवाणखान्यात जायला जिना. जागा कमी म्हणून गोल जिना.

"एक अंदाज चुकला म्हणून एक जिना आला," मास्तर म्हणाले. गोल जिना ही सुताराची परीक्षा असते, असं त्यांचं म्हणणं. सरळ जिना कुणीही करतो.

हे सगळं आमच्या घरात राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्या वर्षी शारदोत्सवात वाचनालयाच्या व्याख्यानाला वर्ध्याहून यायचे होते ते प्राध्यापक आले नाहीत. विषय होता संस्कार. पेट्रोमॅक्स पेटला होता, सतरंज्या भरल्या होत्या. वाचनालयाचे अध्यक्ष, जे कोणत्याही प्रसंगी बोलू शकत आणि बोलत, त्यांचा नेमका त्या दिवशी घसा बसला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मास्तरांना म्हणाले, "मास्तर, तुम्ही काहीतरी बोला. पंधरा-वीस मिनिटं."

मास्तर एक तास बोलले. मी त्यांना तसं बोलताना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

लोकांनी ऐकून घेतलं. विमानाला अठरा चाकं असतात, हे त्यांना लगेच पटलं. गावात ट्रकवाले होते. पंखांच्या आत तेल भरतात आणि पंख हवेत वरखाली लवतात, हेही पटलं. बाहेर अजिबात न बघता आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे आहोत हे त्या विमानातल्या यंत्राला कळतं, हे तर इतकं पटलं की दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. गोल जिन्यापाशी मात्र सभा हलली. यंत्रांबद्दल कुणालाच माहिती नव्हती. जिने सगळ्यांनी पाहिले होते.

"मास्तर," पानठेलेवाला मागून म्हणाला, "विमानात जिना काऊन पायजे? माडी चढून जाचं कुठं, सोर्गात?"

"वरच्या मजल्यावर बसायची जागा आहे," मास्तर म्हणाले.

"अन् वरचा मानूस खालच्याच्या डोक्यावर पाय वाजवते, तर मंग भांडनं नाई होत काय?"

सभा हसली. अध्यक्षांनी बसलेल्या घशानं आभार मानले आणि "मास्तरांच्या कल्पनाशक्तीचं" कौतुक केलं. तिथे गोष्ट ठरली. एकमतानं.

पुढच्या काही महिन्यांत 'जिना लावणे' असा एक नवाच वाक्प्रचार सेलूत रूढ झाला. एखाद्यानं आपल्या बैलाची फार स्तुती केली की ऐकणारा म्हणे, "जिना नको लावू बे." लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे शेतीचा आकडा सांगू लागले की मुलीकडचे एकमेकांत कुजबुजत, "यातून जिना काढून सांगा." भाषेत अशी भर घालणं सगळ्यांना साधत नाही. मास्तरांना साधलं, आणि त्याबद्दल त्यांना कुणी शालही दिली नाही.

ते चिडले नाहीत. सुतार माणूस, चुकीच्या मापावर न चिडता पुन्हा मोजणारा. त्यांनी सागवानाचा एक हातभर लांब जंबो केला, एका बाजूनं उघडा, आतला जिना दिसेल असा. अकरा पायऱ्या, प्रत्येक नखाएवढी. तो वाचनालयात ठेवला. लोकांनी बघितला, वाहवा केली आणि म्हणाले, लाकडात काय वाट्टेल ते करता येतं. मग त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. आश्चर्य म्हणजे उत्तर आलं, सोबत रंगीत माहितीपत्रक, त्यात त्या जिन्याचा फोटो. जिन्यावर एक बाई हसत उभी. पानठेलेवाल्यानं तो फोटो उन्हात धरून पाहिला. "हे तर जाहिरात आहे ना," तो म्हणाला. "जाहिरातीत तं केसाच्या तेलानं टकल्यालेही केस येते."

म्हणजे हवा होता तो डोळ्यांनी पाहिलेला माणूस. तसा माणूस गावात एकच होऊ शकत होता, आणि सात-आठ वर्षांनी तो झाला.

आमचे शेठजी कापसाचे व्यापारी. तीन पिढ्या सेलूत. त्यांची ख्याती अशी की कापसाच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, खांद्यापर्यंत हात खुपसून तळातला कापूस बाहेर काढून पाहिल्याशिवाय ते भाव सांगत नसत. वर पांढरा आणि खाली पिवळा कापूस भरणारे त्यांच्या दुकानावरून बंडी वळवून नेत. शेठजींनी पाहिलं म्हणजे पाहिलं. त्यांचा थोरला मुलगा अमेरिकेत इंजिनिअर होता आणि त्यानं वडिलांना बोलावलं होतं.

परदेशी जाणाऱ्याचा सत्कार करायची पद्धत आमच्याकडे आहे. तो जाण्याआधी एकदा होतो आणि परत आल्यावर एकदा. मधल्या काळात तो माणूस नेमकं काय करतो याच्याशी गावाला कर्तव्य नसतं. शेठजींना बसस्टँडवर बँड लावून निरोप दिला. त्या गर्दीत मास्तर पुढे गेले आणि त्यांनी शेठजींच्या हातात एक घडी घातलेला कागद ठेवला. त्यावर विमानाचा नकाशा होता: दार कुठे, खुर्च्या कुठे, जिना कुठे.

"शेठजी, एवढं पाहून येजा," मास्तर म्हणाले. "पुढच्या दाराजवळच आहे."

"अरे मास्तर, बिना पाहता मी कधी आलो काय कुठून?" शेठजी म्हणाले आणि कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

शेठजी तिकडे सहा महिने राहिले. तेवढ्या काळात मास्तर मला त्यांच्याबद्दल काहीच बोलले नाहीत. फक्त त्यांच्या मुलाचं पत्र आलं का, हे दुकानावरच्या मुनीमजींना जाता-येता विचारत.

शेठजी परतले. सत्कार वाचनालयातच झाला. बारा हार. भाषणात शेठजींनी सांगितलं की अमेरिकेत रस्ते फार रुंद आहेत, दूध फार पातळ आहे, आणि मुलाच्या घरात सगळं आहे पण शेजारी नाही. लोकांनी माना डोलावल्या. अमेरिकेबद्दल त्यांचंही साधारण हेच मत होतं. मग भाषण संपता संपता पानठेलेवाला उभा राहिला.

"शेठजी, ते जिन्याचं काय झालं?"

सभेत हसू फुटलं आणि मग एकदम शांत झालं. मास्तर तिसऱ्या रांगेत होते. मी बायकांच्या बाजूला. मला त्यांचा फक्त कान दिसत होता.

शेठजींनी हारांतून मान थोडी वर काढली. "नाई," ते म्हणाले. "जिना-बिना काई नाई. एक लंबा हॉल असते, टॉकीजसारखा. बस."

आता जे हसले ते पोटभर हसले. मास्तर उभे राहिले. हसू थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "शेठजी, तुम्ही पुढं गेलते काय? समोरच्या भागात?"

"पूरा पाह्यलं मी," शेठजी म्हणाले.

मास्तर बसले. राष्ट्रगीत होईपर्यंत थांबले, मग सतरंज्या झटकायला त्यांनी पोरांना मदतही केली.

घरी आल्यावर त्यांनी पटाशीला धार लावायला घेतली. मी चहा ठेवला आणि त्यांना विचारलं, "तुम्ही ते नीट वाचलं होतं ना?"

मी शिकलेली बाई. तो लेख मीही वाचला होता. ते माहितीपत्रक माझ्या हातून त्यांच्या हाती गेलं होतं. तरी मी विचारलं. मला गावाच्या अडाणीपणाबद्दल बरंच काही लिहिता येतं आणि ते मी आत्तापर्यंत लिहिलं; पण त्या संध्याकाळी गावाचं आणि माझं एकमत झालं होतं.

मास्तरांनी पटाशीवरून अंगठा फिरवून पाहिला. थोड्या वेळानं शेठजींबद्दल काहीतरी बोलले, आणि आम्ही जेवलो.

त्यानंतर ते जंबोबद्दल कुणाशी बोलत नसत. वाचत मात्र राहिले. जंबो बदलत होता. कंपनीनं आणखी लांब पल्ल्यासाठी त्याचं अंग आखूड करून पाहिलं, म्हणजे वजन कमी होऊन तेवढ्याच तेलात तो दूर जाईल. पुढे वरचा मजला मागे वाढवला आणि गोल जिना काढून सरळ केला. हे मास्तरांनी एका अंकात वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पान मला दाखवलं. सेलूनं गोल जिना मान्य करायच्या आत कंपनीनं तो मोडूनही टाकला होता. नंतर पंखांची टोकं वर वळवली, चालक तिनाचे दोन केले, आणि विमान न थांबता आणखी दूर जाऊ लागलं.

आमच्याकडेही प्रगती होत होती. वाचनालयावर एक खोली चढवायची ठरली. मास्तर म्हणाले, जागा कमी आहे, गोल जिना करू, मी फुकट करून देतो. कार्यकारिणीत कुणीतरी "विमानातला काय?" म्हटलं आणि विषय तिथेच संपला. गावच्या ठेकेदारानं सिमेंटचा सरळ जिना केला. त्यानं खालची अर्धी खोली खाल्ली. तेव्हापासून दोन कपाटं जिन्याखाली आहेत आणि त्यातली पुस्तकं काढायला मला बसून सरकावं लागतं.

ऐंशीचं दशक संपत आलं असताना मास्तर गेले. शाळेत सकाळच्या पाळीत रंधा मारता मारता स्टुलावर बसले ते पुन्हा उठले नाहीत. माणूस इतक्या कमी आवाजात जाऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेठजी भेटायला आले. आता त्यांच्या हातात काठी होती. बाकीचे लोक येत, सतरंजीवर बसत, "चांगला माणूस" म्हणत आणि उठत. शेठजी बसूनच राहिले. बाकीची माणसं उठून जाईपर्यंत बसले.

"बाई, एक बात सांगाची राह्यली होती," ते म्हणाले. "तो जिना. मी तिकडं गेलोच नाई."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"मले आखरी रांगेत जागा भेटली होती. चढलो, बसलो. एका पोरीनं येऊन पट्टा बांधला पोटाले. मंग तिनं खोलाले सांगतलंच नाई."

"बाकीचे लोक उठत होते ना?"

"उठत होते. मले वाटलं त्यायले पर्मिशन असन." शेठजी काठीकडे पाहत होते. "मले इंग्रजी येत नाई. हिंदीत विचाराची लाज वाटली. त्यायच्या हातचं खाल्लं-पेलं नाई, घरच्या पुऱ्यायचा डबा मांडीवर होता. पानी नाई पेलो म्हून उठाचं काम पडलं नाई. मधात लंडनले सगळ्यायले उतरवलं, मी मांगच्या दारानं उतरलो अन् मांगच्याच दारानं चढलो. मास्तरचा कागद खिशात होता. हात लावून पाहो मी मधामधात."

"आणि येताना?"

"येतानी पोरानं झोपेची गोळी देल्ली."

अमेरिकेला जाऊन आलेला सेलूचा पहिला माणूस एवढं अंतर खुर्चीला बांधलेला गेला आणि झोपलेला आला. मला हसू यायला हवं होतं.

"मग शेठजी, त्या दिवशी सांगायचं होतं ना की पाहिलं नाही म्हणून."

"गळ्यात बारा हार होते, बाई," शेठजी म्हणाले. "बारा हार घालून मानूस कसा म्हनन का मी खुर्चीवरून उठलोच नाई? माह्या मनात होतं का दोन-चार दिवसानं मास्तरले सांगीन. मंग दोन-चार दिवस झाले, मंग दोन-चार वर्षं झाले." ते थांबले. "इतवारी शोकसभा आहे. तिथं सांगतो. सगळ्यायच्या समोर. माफी मागतो."

त्या रविवारपर्यंत मी नीट झोपले नाही. शोकसभेला विधवेनं जावं का, यावर नणंदेचं आणि माझं थोडं वाजलं. "वहिनी, लोकं काय म्हंतीन," ती म्हणाली. लोक काय म्हणतात हेच ऐकायला मला जायचं होतं. मी गेले आणि भिंतीशी बसले.

शोकसभा कशी असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. टेबलावर फोटो, फोटोला हार, उदबत्त्या. हेडमास्तर म्हणाले की मास्तर कधी एक मिनिटही उशिरा आले नाहीत. मास्तर रोज उशिरा येत आणि हेच हेडमास्तर रोज लाल रेघ मारत. ठेकेदार म्हणाला की वाचनालयाचा जिना मास्तरांच्याच मार्गदर्शनाखाली झाला. पानठेलेवाला म्हणाला की मास्तर त्याला मोठ्या भावासारखे होते आणि त्यानं त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. लोक प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. कुणाला त्यात खोटं वाटत नव्हतं, कारण तिथे खरं बोलायचंच नसतं. जसं लग्नात रडायचं असतं तसं शोकसभेत चांगलं बोलायचं असतं.

मग शेठजी उठले. काठी बाजूला ठेवली आणि टेबलाला धरून उभे राहिले.

"मी खोटं बोललो होतो," ते म्हणाले. "याच जागेवर. विमानात जिना आहे. मास्तर खरं सांगत होते. मी पाह्यलंच नाई. मी सीटवरून उठलोच नाई. मले पट्टा खोलता येत नव्हता. मास्तरची हासी झाली ते माह्यामुळं झाली. मास्तरनं मले माफ करावं."

शेठजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. झालं, असं मला वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, झालं.

अध्यक्षांनी दोन क्षण जाऊ दिले. मग ते उभे राहिले. त्यांचाही आवाज जड झाला होता.

"मित्रहो," ते म्हणाले, "आज आपण मोठेपणा काय असतो ते पाहिलं. गेलेल्या मित्राचा मान राहावा म्हणून शेठजींसारख्या माणसानं स्वतःकडे कमीपणा घेतला. आपलं हसं होईल याची पर्वा केली नाही."

"नाई, नाई," शेठजी म्हणाले, "मी खरंच सांगून राह्यलो. मले खरंच पट्टा—"

"बसा शेठजी, बसा," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांना हाताला धरून खाली बसवलं. लोकांचे डोळे भरले. ठेकेदारानं शेठजींच्या पायांना हात लावला. पानठेलेवाला मला ऐकू येईल असं शेजारच्याला म्हणाला, "देवमानूस आहे. मास्तरची इज्जत राखली. नाईतर ज्यानं बंडीत हात घातल्याबिगर भाव नाई सांगतला, तो विमानात बसून उठल नाई, हे होऊ शकते काय?"

मला तेव्हा उभं राहून बोलता आलं असतं. मी विधवा होते, सहा दिवसांची. मी जे काही बोलले असते ते शोक म्हणून धरलं गेलं असतं. मी बसून राहिले. दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली आणि ती दीड मिनिटात संपली.

बाहेर पडताना एक ओळखीची बाई माझा हात धरून म्हणाली, "काकू, जिना होता ना मंग?"

"होता," मी म्हणाले.

"हो, होताच," ती म्हणाली आणि माझा हात थोपटला, आजारी माणसाचा थोपटतात तसा.

महिन्याभरानं मी पुन्हा वाचनालयात जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी शेठजी आले. वर्तमानपत्राचे वाचक उठून उभे राहिले, एकानं वाकून नमस्कार केला. शेठजी माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले आणि वाचक गेल्यावर हळूच म्हणाले, "हे असंच चालू आहे, बाई. खरं सांगतो तं अजूनच पाया पडते. मी आता सांगनं बंद केलं."

"असू द्या," मी म्हणाले.

"एक विचारू? त्या दिवशी सत्काराहून घरी गेल्यावर मास्तर मले काय म्हनले? शिवी देल्ली असन."

मला काहीतरी बरं सांगता आलं असतं. पण या माणसाला बरं सांगणारे लोक गावात भरपूर झाले होते.

"ते म्हणाले, शेठजी न पाहता बोलणार नाहीत. त्यांना दुसरं विमान मिळालं असेल."

शेठजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नाई, बाई," मग ते म्हणाले. "तेच होतं. चढाच्या आधी बाहेरून पाह्यलं होतं मी. समोरून उंच होतं, मास्तरच्या कागदात होतं तसंच."

"हो," मी म्हणाले.

ते गेल्यावर मी रजिस्टर उघडून बसले, पण त्यात काही लिहिलं नाही. त्या संध्याकाळी मास्तरांनी चहा थंड होईपर्यंत विचार करून शेठजींसाठी एक दुसरं विमान शोधून काढलं होतं. त्यांच्यासमोर तेव्हा मीही बसले होते, "नीट वाचलं होतं ना" असं विचारून. माझ्यासाठी त्यांनी काय शोधलं होतं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.